भूत जोलोकिया कुणाची वाट बघते?

बाळांनो, ही मिरची लावायची असेल तर आधी घाई खुंटीला टांगा. लवंगीचं बी आठ-दहा दिवसांत वर येतं. भूत जोलोकियाचं बी तीन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, मातीत गप्प पडून राहतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "कुजलं वाटतं," आणि बोटानं माती उकरून बघतं. तेवढं एक करू नका रे! नुकता फुटलेला कोंब तिथंच मोडतो.

ही आसाम-नागालँडकडची. नागा लोक तिला राजा मिरची म्हणतात. २००७ साली गिनेस बुकानं तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं. पुढं तिचा मान दुसऱ्यांनी पटकावला, पण तिखटपणा काही कमी झाला नाही. तो मोजायची युक्ती विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि जिभेला तिखट लागेनासं होईपर्यंत थांबायचं नाही. आता हे काम यंत्रं करतात. चाखणाऱ्या जिभा बिचाऱ्या सुटल्या. भूत जोलोकियाचा आकडा त्या मापात दहा लाखांच्या वर जातो.

हिच्या कुळाचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतलं, उबदार आणि दमट. म्हणून बियाला माती पंचवीस ते तीस अंश उबदार लागते. गारठ्यात ते हलायलाच तयार नसतं. आपल्याकडे थंडी ओसरली की, फेब्रुवारीच्या मध्याला पेरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल, माती ओलसर. चिखल नको, नाहीतर कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. कोंब दिसला की लगेच उजेडात न्या. चार-सहा पानं झाली की मोठ्या कुंडीत लावा. पानं वळून बोकडल्यासारखी दिसली तर उलटून बघा, खाली फुलकिडे असतील. मे महिन्याच्या उन्हात फुलं गळतात. गळू द्या, पावसाळ्यात पुन्हा येतील. फुलातले नर आणि मादी भाग एकत्रच असतात, त्यामुळं फांदीला टिचकी मारली तरी फळ धरतं. हिरवी मिरची लाल व्हायला मात्र आणखी बरेच आठवडे.

आता धाकटी विचारेलच, झाडाला तिखट हवंच कशाला?

तर ऐका. तिखट ही चवच नाही मुळी. आपल्या तोंडात उष्णता ओळखणारे सूक्ष्म दरवाजे असतात. साधारण त्रेचाळीस अंशांच्या वर गेलं की ते उघडतात आणि मेंदूला कळतं, भाजलं! मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ नेमका त्याच दरवाजाला चिकटून तो उघडतो. जीभ भाजलेली नसते, पण मेंदूला ते कोण सांगणार? तो घाम काढतो, नाक वाहवतो. हा दरवाजा डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पाण्यानं आग जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. दूध प्या किंवा दही खा.

गंमत पुढंच आहे. पक्ष्यांकडेही असा दरवाजा असतो, पण त्याला कॅप्सेसिन चिकटतच नाही! बुलबुल आपला खुशाल लाल मिरची गिळतो. २००१ मध्ये ट्यूक्सबरी आणि नाभान या दोघांनी ॲरिझोनातल्या रानमिरचीवर हेच तपासलं. उंदरांनी तिखट मिरचीला तोंड लावलं नाही. मग त्यांना बिनतिखट मिरच्या दिल्या, तर त्यांच्या पोटातून बाहेर पडलेल्या बियांतलं एकही रुजलं नाही. पक्ष्यांच्या पोटातून आलेलं बी मात्र उगवलं. म्हणजे तिखट ही झाडाची निवड आहे: बी चावणाऱ्याला हाकल, गिळून दूर नेणाऱ्याला बोलाव. लाल रंग हे त्याचं आमंत्रण. माणूस मध्येच घुसला आणि मुद्दाम आग खाऊ लागला, हे झाडाच्या हिशेबात नव्हतंच.

आणखी एक. बी तिखट असतं असं तुमची आजी म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही, पण खरा साठा असतो बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत. त्यातलं तिखट बियाला चिकटतं एवढंच. म्हणून बी काढताना हातमोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. डोळ्याला हात तर चुकूनही नको.

पुढच्या वर्षासाठी बी ठेवायचं तर शेजारी दुसरी मिरची असताना फुलावर मलमलची पिशवी बांधा, नाहीतर मधमाशी संकर करून ठेवेल. नाहीतर बीच नको, झाडच ठेवा. मिरची वर्षभरात मरायला हवी असं काही नाही. थंडी संपता संपता फांद्या छाटा, थोडं शेणखत घाला. जुन्या मुळांवरचं झाड नव्या रोपाच्या कितीतरी आधी फुलावर येतं.