नारळाच्या पाण्याचा शिरका व त्याचे विरजण

मालवण तालुक्यात कर्ली नदीच्या मुखाशी वसलेल्या तारकर्लीसारख्या रेताड किनाऱ्यावर माड हेच बागायतदाराचे मुख्य धन होय. शहाळ्याच्या पाण्यास गिऱ्हाईक आहे. परंतु खोबऱ्यासाठी पक्व नारळ फोडले म्हणजे त्यांचे पाणी बहुधा जमिनीवरच जाते. १०० नारळांमागे हे पाणी सुमारे १० लिटर भरते. त्यात साखर शेकडा २ ते ३ इतकीच असते, तथापि त्यापासून चांगला शिरका करता येतो.

शिरका होण्यास दोन निरनिराळ्या जीवांचे साहाय्य लागते. पहिला किण्व, म्हणजे पाव फुगविणारे यीस्ट. तो साखरेचे मद्यार्कात रूपांतर करतो व त्यास हवेची गरज नसते. दुसरे शिरक्याचे जंतू. ते मद्यार्काचे आम्ल बनवितात. मात्र हवेवाचून त्यांचे काम चालत नाही. फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६४ साली या जंतूंचे कार्य विशद केले. हल्ली शहरांतून गोड चहा आंबवून कोंबुचा नावाचे पेय करतात. त्यात हे दोन्ही जीव एकाच बरणीत नांदतात, म्हणून त्यांचा तोल सांभाळणे अवघड जाते. शिरक्यात दोघांची पाळी वेगळी ठेवता येते, ही मोठी सोय होय.

कृती अशी: नारळ फोडल्याबरोबर पाणी गाळून त्याच दिवशी उकळावे. १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम साखर विरघळवून ते कोमट होऊ द्यावे व त्यात थोडे यीस्ट घालावे. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असावे. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम ही सर्वथा वर्ज्य. झाकण सैल ठेवावे, नाहीतर आतील वायूने भांडे फुटेल. ५ ते ७ दिवसांत बुडबुडे थांबले म्हणजे वरचे पाणी गाळ न ढवळता काढून घ्यावे.

आता विरजणाची पाळी. या पाण्याच्या चौथाई इतका जिवंत शिरका त्यात मिसळावा. बाजारातील कृत्रिम शिरका म्हणजे केवळ पाणी मिसळलेले आम्ल. त्याने विरजण लागत नाही. गोव्यात कित्येक घरी माडाच्या सुरेचा शिरका करतात, तसा न तापविलेला शिरका मिळाल्यास उत्तम. बरणी रुंद तोंडाची घ्यावी, अर्धीअधिक भरावी, तोंडास स्वच्छ कापड बांधावे व ती सावलीत, न हलविता ठेवावी. वर पातळ साय धरते. ती बुडाली तर काम मंदावते. सुमारे महिन्याभरात शिरका तयार होतो.

विरजणाचे आरोग्य ओळखण्यास काही खुणा आहेत. आंबटपणा वाढत नसून मद्याचा वास येत असेल, तर हवा कमी पडते अथवा विरजण थोडे झाले असे समजावे. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसल्यास सर्व टाकून द्यावे. वरवर काढून चालणार नाही. शिरका तयार झाल्यावरही उघडा राहिला, तर मद्यार्क संपल्यावर तेच जंतू आम्ल खाऊ लागतात व शिरका फिका पडतो. यास्तव तयार शिरका काठोकाठ बाटल्यांत भरून घट्ट बूच लावावे. टिकाऊपणासाठी तो आधी ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावा. चौथा हिस्सा मात्र न तापविता पुढील खेपेच्या विरजणासाठी बरणीतच राखावा.

विक्री करावयाची असल्यास १०० मिलिलिटरमध्ये किमान ३.७५ ग्रॅम आम्ल असले पाहिजे, हे प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. मधल्या अवस्थेत मद्यार्क असतो, तेव्हा आरंभापूर्वीच राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कचेरीत नियमांची चौकशी करावी. प्रथम १० लिटरांचीच खेप काढावी. विरजण दोन-तीन खेपा निर्दोष चालले, तरच मोठी भांडी घेण्याचा खर्च करावा.