कॅमेरा बघतोय... आणि तुम्ही?

नवीन गाडीची डिलिव्हरी घ्यायला गेलात की काय होतं? हार, पेढे, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी, फोटो. मग सेल्सवाला शेजारच्या सीटवर बसतो आणि दहा मिनिटांत क्लास उरकतो. सात मिनिटं ब्लूटूथला, दोन सनरूफला. उरलेल्या एका मिनिटात, ‘‘सर, थ्री-सिक्स्टी कॅमेरा आहे, लेव्हल टू एडास आहे, गाडी स्वतः ब्रेक मारते. टेन्शनच नाही!’’

ईएमआय तुम्ही पाच-सात वर्षं भरणार, त्यामुळे हे ‘टेन्शनच नाही’ प्रकरण जरा तपासून घ्यायला हरकत नाही. सुरुवात मागून करू या. म्हणजे रिव्हर्सपासून.

मागचा कॅमेरा आपल्याला लक्झरी वाटतो, पण त्याच्यामागे एक वाईट गोष्ट आहे. २००२ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एक बालरोगतज्ज्ञ बाबा घरासमोर आपली एसयूव्ही रिव्हर्स घेत होता. त्यानं आरसे बघितले होते, मान वळवूनही बघितलं होतं. मागे त्याचाच दोन वर्षांचा मुलगा होता. गाडीच्या काचेपेक्षा मुलाची उंची कमी, तो दिसणार कुठून? त्या मुलाच्या नावानं अमेरिकेत कायदा झाला, ‘कॅमेरॉन गुलब्रान्सन किड्स ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी ॲक्ट’. नियम प्रत्यक्षात यायला मात्र २०१८ चा मे उजाडला. तेव्हापासून तिथं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा हिशेब असा होता की रिव्हर्स गाडीखाली येऊन दर वर्षी साधारण २१० माणसं जातात, आणि त्यातली ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं असतात. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. सेन्सर, कॅमेरा नव्हे.

आता गंमत बघा. कॅमेरा लावला की प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’चे आकडे वेगळंच सांगतात. नुसत्या कॅमेऱ्यामुळे रिव्हर्समधले अपघात १७ टक्क्यांनी घटले. कॅमेरा, सेन्सर आणि आपोआप लागणारा मागचा ब्रेक असं त्रिकूट असेल तर ७८ टक्क्यांनी! मधला हा जो फरक आहे ना, तो आपण आहोत. कॅमेरा दाखवतो, पण आपण बघत नाही. किंवा बघतो तेव्हा गाडी आधीच हलायला लागलेली असते. रिव्हर्स टाकल्यावर चित्र यायला सेकंदभर लागतो, आणि तेवढा धीर आपल्याला नसतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सायकल चालवणारी, पिलरआड लपाछपी खेळणारी पोरं आठवा. म्हणून क्रम साधा ठेवायचा. बसण्याआधी गाडीच्या मागून एक फेरी. रिव्हर्स टाकल्यावर ब्रेकवर पाय तसाच ठेवून चित्र पूर्ण येऊ द्यायचं. मग आरसे, मग मान, आणि गाडी हलली की पुन्हा तिन्हीकडे आलटून पालटून नजर. स्क्रीन हा चौथा आरसा आहे, टीव्ही नव्हे.

रंगीत रेघांचा भूलभुलैया

स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघांवर डोळे मिटून विश्वास ठेवणारी बरीच मंडळी आहेत. त्या रेघा सपाट जमीन गृहीत धरून आखलेल्या असतात. तुमच्या ऑफिसच्या बेसमेंटचा रॅम्प सपाट आहे का? मागची जमीन वर चढत असेल तर वस्तू असते त्यापेक्षा लांब दिसते. म्हणजे रेघ म्हणते ‘अजून जागा आहे’ आणि बंपर म्हणतो ‘कर्रर्र’.

दुसरा सापळा टेम्पोचा. रेघा जमिनीवरचं अंतर सांगतात. टेम्पोची चाकं पिवळ्या रेघेपलीकडे दिसतात, पण त्याच्या फाळक्यातून बाहेर आलेल्या सळया तुमच्या काचेपाशी पोचलेल्या असतात. सेन्सरही इथं दगा देऊ शकतो. तो आवाजाच्या लहरी सोडून परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो, त्यामुळे बारीक खांब, तार, बंपरच्या खालच्या पातळीचा फुटपाथचा कठडा हे त्याला सुटू शकतात. बीप वाजला नाही याचा अर्थ मागे काही नाही, असा होत नाही!

आणि पावसाळ्यात तर कॅमेऱ्याची लेन्स नंबरप्लेटच्या वर चिखल खात बसलेली असते. डिकीत एक मऊ फडकं ठेवा. इतका स्वस्त सेफ्टी फीचर दुसरा नाही.

पुढचे डोळे

एडास म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणांचं गाठोडं. लेव्हल टू म्हणजे गाडी एकाच वेळी स्टीअरिंगही सांभाळते आणि वेगही, पण ड्रायव्हर तुम्हीच. जबाबदारी शंभर टक्के तुमची. आपल्याकडे २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली आणि हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. त्यानंतर होंडा सिटी हायब्रिड, ह्युंदाई, किया, टाटा, सगळेच या शर्यतीत उतरले.

यातला मुख्य कॅमेरा पुढच्या काचेवर, आतल्या आरशाच्या मागे असतो. रडार असतं ग्रिल किंवा बंपरमध्ये. आता आपण काय करतो? फास्टॅग नेमका कॅमेऱ्याच्या तोंडावर चिकटवतो. डॅशकॅम तिथंच. आरशाला माळ. दसऱ्याला रडारच्या नाकावरून झेंडूचं तोरण, आणि ते सुकून गळेपर्यंत तिथंच! पूजा जरूर करा, पण गाडी रस्त्यावर काढायच्या आधी तोरण सोडा. फास्टॅग काचेच्या मधोमध वर लावायचा असतो हे बरोबर, फक्त कॅमेऱ्याच्या खिडकीपासून बाजूला.

काच तडकून नवी बसवली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. कॅमेरा अर्धा अंश जरी फिरला तरी ५० मीटरवर जवळजवळ अर्ध्या मीटरचा फरक पडतो, म्हणजे लेनच्या आतला बाइकवाला त्याला बाहेरचा वाटू शकतो. स्वस्तात काच बसवून देणाऱ्याला आधी हाच प्रश्न विचारा. तो गोंधळला तर उत्तर मिळालंच.

आता हायवे. क्रूझ लावलीत, गाडी पुढच्या गाडीमागे शहाण्यासारखी चाललीये. पुढची गाडी अचानक बाजूला सरकते आणि समोर बंद पडलेला ट्रक, दिवे नाहीत, मागे फक्त झाडाची फांदी. गाडी थांबेल? भरवसा ठेवू नका. रडारला हलणारी वस्तू ओळखणं सोपं जातं. स्थिर वस्तूंकडे त्यानं मुद्दाम कमी लक्ष द्यावं अशी रचना अनेक गाड्यांत असते, नाहीतर प्रत्येक पुलाला, प्रत्येक पाटीला गाडी ब्रेक मारत सुटेल. कॅमेऱ्याच्या जोडीनं नव्या गाड्या यात बऱ्याच सुधारल्यात, पण मॅन्युअलमध्ये ‘थांबलेल्या वाहनांना प्रतिसाद मिळेलच असं नाही’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी सापडतं. वाचून बघा. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, अजून सील न फोडलेलं!

माणसांचं काय? ‘अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन’नं २०१९ मध्ये चार सेडान गाड्यांवर चाचण्या घेतल्या. ताशी ३२ किलोमीटर वेगात, दोन उभ्या गाड्यांच्या मधून लहान मुलाचा पुतळा अचानक पुढे आला, तेव्हा ८९ टक्के वेळा धडक झाली. रात्री तर पादचारी ओळखणं जवळजवळ निकामी ठरलं. नंतरच्या गाड्या यापेक्षा चांगल्या आहेत. तरी आपले आकडे शेजारी ठेवा. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवर होती, ३२,८२५ पायी. म्हणजे शंभरातली ६४ एअरबॅगच्या बाहेरची. एडासला सगळ्यात कठीण जाणारी गिऱ्हाइकं नेमकी हीच.

बाटली अडकवणारे बहाद्दर

रील्स पाहिल्याच असतील. स्टीअरिंगला पाण्याची बाटली लटकवायची, गाडीला वाटतं हात आहेत, आणि साहेब सीट मागे टाकून गाणं म्हणतायत. बाटलीचं वजन गाडीला फसवू शकतं, कारण बऱ्याच गाड्या स्टीअरिंगवरचा हलका ताण मोजतात. ताण आहे म्हणजे माणूस आहे, इतकंच त्यांना कळतं.

पण मला या स्टंटबाजांपेक्षा सभ्य ड्रायव्हरची जास्त काळजी वाटते. तो बाटली लटकवत नाही. तो फक्त कंटाळतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडार ऑपरेटर पाणबुड्यांचे ठिपके शोधत तासन्‌तास बसायचे आणि ठिपके सुटायचे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यावर प्रयोग केला. घड्याळासारखा एक काटा टकटक पुढे सरकतो, मध्येच कधीतरी दुप्पट उडी मारतो, ती उडी पकडायची. एवढंच काम. १९४८ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या हातून उड्या सुटायला लागल्या होत्या. हे लोक आळशी नव्हते, मेंदू तसाच बनलाय. काही घडत नसताना नुसती राखण करणं त्याला जमत नाही. आणि लेव्हल टू तुमच्याकडून हेच काम मागतं!

२३ मार्च २०१८ ला कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूजवळ एक टेस्ला ऑटोपायलटवर चालली होती. दोन रस्ते फुटतात तिथल्या मधल्या त्रिकोणात ती शिरली आणि सिमेंटच्या दुभाजकाला धडकली. चालक वाचला नाही. तपासात दिसलं की त्याच्या फोनवर गेम चालू होता आणि शेवटचे सहा सेकंद स्टीअरिंगवर हात असल्याची नोंद नव्हती.

मग हे सगळं बंदच करून टाकायचं का? मुळीच नाही. आपोआप लागणारा ब्रेक कधीही बंद करू नका. गर्दीत एखादा बाइकवाला आडवा घुसला की गाडी दचकून ब्रेक मारते, हे खरं आहे, आणि मागचा टेम्पोवाला तयार नसतो हेही. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर वाढवणं आणि आरशात मागे बघत राहणं. ब्लाइंड स्पॉटचा दिवा तर सोन्यासारखा.

लेन कीप असिस्ट मात्र मी शहरात आणि घाटात बंदच ठेवते. पट्टे पुसलेले, कुठे जुने-नवे एकमेकांवर रंगवलेले, वळणं तीव्र. खड्डा चुकवायला गेलात की स्टीअरिंग ओढाताण करतं. एक्सप्रेस-वेवर ते चालू केल्यावर एक फायदा झालाय, इंडिकेटर न देता लेन बदलायला गेलं की स्टीअरिंग हातात आखडतं. जे मोटार ट्रेनिंग स्कूलला जमलं नाही ते सॉफ्टवेअरनं करून दाखवलं!

क्रूझ लावायची तर दिवसा, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर. दर अर्ध्या-पाऊण तासानं ती काढून थोडा वेळ स्वतः चालवा. मॅकवर्थचा काटा लक्षात आहे ना? धो धो पाऊस, धुकं, टोलनाका, रस्त्याचं काम दिसलं की क्रूझ बंद.

डॅशकॅमबद्दल थोडक्यात. उन्हात उभ्या गाडीत लिथियम बॅटरीवाला कॅम फुगू शकतो, म्हणून कपॅसिटरवाला घ्या. तारीख-वेळ बरोबर ठेवा, मेमरी कार्ड महिन्यातून एकदा फॉरमॅट करा. अपघात झालाच तर मूळ फाइल असलेलं कार्ड काढून बाजूला ठेवा, नाहीतर लूपमध्ये ती पुसली जाईल. कोर्टात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप त्याची जागा घेत नाही.

आणि शेवटचा मुद्दा घरचा. गाडी एक, चालवणारे तिघं. तुम्ही वैतागून सेटिंग बंद करता, दुसऱ्या दिवशी बाबा गाडी काढतात. काही गाड्या प्रत्येक स्टार्टला सगळं पुन्हा चालू करतात, काही करत नाहीत. तुमची कुठली आहे? रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये घरच्यांना बसवून कुठला आवाज कशाचा, स्टीअरिंग का थरथरतं, डायलवरचं कुठलं चिन्ह कधी पिवळं होतं, हे एकदा दाखवून टाका. ब्लूटूथ आईला नंतर जोडून दिलं तरी चालेल.