लंडन ते सांबरा : विमानाचे अंतर व घड्याळाचा हिशेब

आमच्या पुष्कळ सभासदांच्या घरचे कोणी ना कोणी परदेशी असते, आणि त्यांच्या येण्याचे तास घरच्या वडीलधाऱ्यांस मोजावे लागतात. त्या मोजणीविषयी चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम अंतर. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ते भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. मुलांच्या अभ्यासातील पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर दोरा ताणावा. तोच जवळचा मार्ग होय. मुंबई ते न्यूयॉर्क असा दोरा ताणल्यास तो आफ्रिकेवरून न जाता रशियावरून उत्तरेस चढतो, ग्रीनलंडच्या बाजूने खाली येतो व सुमारे १२,५०० किलोमीटर भरतो! विमान मात्र नेहमी दोऱ्यावरूनच जाते असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्यांस मोठा वळसा पडला.

८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे पहिले विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले होते. आता न थांबता जाण्यास सुमारे दहा तास व येण्यास नऊ लागतात. फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याचा हा फरक.

खरी फसगत घड्याळात आहे. पूर्वी एका पेठेचा मण दुसऱ्या पेठेच्या मणास मिळत नसे, तसेच हे. लंडनचे घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, व उन्हाळ्यात ते लोक काटा पुढे करीत असल्याने साडेचार तास असते.

आमचे थोरले बंधू हिवाळ्यात अत्यवस्थ झाले, तेव्हा लंडनच्या पुतण्यास बोलाविले. "रात्री नऊला विमान, नऊ तासांत मुंबई," असे तो फोनवर म्हणाला. आम्ही नवात नऊ मिळवून सकाळचे सहा धरले. पहाटे बंधू गेले. मुंबईहून सांबरा हवाई मार्गे सुमारे ४०० किलोमीटर, तासाभराचे. तेव्हा दहापर्यंत तो येईल म्हणून अग्निसंस्कार दुपारी बाराला ठरविला. वस्तुतः लंडनला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे अडीच वाजून गेलेले असतात. तो मुंबईस उतरला तो साडेअकराला. पुढे तपासणी, सामान व दुसऱ्या विमानाची वाट. आम्ही चारपर्यंत थांबलो. तो येळ्ळूरला पोहोचला तेव्हा दिवे लागले होते. हिशेब बरोबर असता तर विधी दुसऱ्या सकाळी ठेविला असता. चूक सर्वस्वी आमची. पोत्यांची बेरीज आयुष्यभर केली, ती येथे उपयोगी पडली नाही.

म्हणून फोनवर कोणी वेळ सांगितल्यास "कोठल्या घड्याळाची?" हे आधी विचारावे व तारीखही लिहून घ्यावी. मुंबईस विमान बदलावयाचे असल्यास मध्ये चार तास तरी धरावे.