दोर का तुटतो?

विहिरीवर नायलॉनचा दोर आहे. काल त्याने भरलेली बादली वर आणली. आज बादली तेवढीच, रहाटही तोच, आणि दोर मात्र तुटला! तुम्ही म्हणाल, जुना झाला होता. खरे आहे. घासून आणि उन्हाने दोर झिजतोच. पण नुसता भार लटकत राहिला तरी दोर आतून दुबळा होतो, तो कसा? परांचीवर चढणारा गवंडी दोराच्या भरवशावर असतो. तेव्हा हे समजून घेतलेले बरे.

नायलॉन, प्लास्टिक, रबर या पदार्थांत लांबच लांब साखळ्या असतात. एकेका साखळीत शेकडो, हजारो अणू एकमेकांचे हात धरून असतात. अशा पदार्थाला पॉलिमर म्हणतात. साखळी इतकी बारीक, की भिंगातूनही दिसत नाही. मग तिच्यावर किती ताण आहे हे कळायचे कसे?

ते किरणांवरून कळते. चुलीपुढे हात धरला की ऊब लागते ना? ती बहुतेक न दिसणाऱ्या किरणांची. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. साखळीतले अणू कधी स्वस्थ नसतात. ते सारखे थरथरतात. थरथर ज्या गतीची, त्या जातीचे किरण ते गिळतात. बाकीचे पलीकडे जातात. कोणते किरण गिळले गेले, त्याची खूण यंत्र कागदावर काढते. या विद्येला वर्णपटशास्त्र म्हणतात.

आता गंमत बघा. तंबोऱ्याची तार पिळली की सूर चढतो. इथे उलटे होते. साखळी ओढली की अणूंनी धरलेले हात सैल पडू लागतात, थरथर मंदावते आणि खूण आपली जागा सोडते. जितका ताण जास्त, तितकी ती जास्त सरकते.

रशियात लेनिनग्राड शहरी (त्याचे आजचे नाव सेंट पीटर्सबर्ग) झुर्कोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. १९६० नंतरच्या काळात त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी ताणलेल्या पॉलिमरमधून असे किरण सोडले. खूण थोडी सरकली. पण तिला एका बाजूला लांब शेपूटही फुटले! याचा अर्थ काय? चौघांनी ओंडका उचलला आणि एकच जण उंच असला, तर भार कोणाच्या खांद्यावर येतो? तसेच हे. पुष्कळशा साखळ्यांवर थोडा ताण आणि मोजक्या साखळ्यांवर कितीतरी पट.

त्या मोजक्या साखळ्या आधी तुटतात. त्यांना तोडते कोण? एकटा ताण नव्हे. उष्णता म्हणजे अणूंची थरथरच. एखादा हिसका जोराचा बसतो आणि आधीच सैल झालेला हात सुटतो. म्हणून जो भार दोराने आज सहज पेलला, तोच महिनोन् महिने लटकत ठेवला तर दोर तुटू शकतो. तेवढ्याच भाराने तापलेला दोर गार दोरापेक्षा लवकर तुटतो.

साखळी तुटली की तिच्या उघड्या टोकांना हवेतला प्राणवायू चिकटतो. मग कागदावर नव्या खुणा उमटतात. त्यांवरून किती साखळ्या तुटल्या याचा हिशेब करता येतो. दोर बाहेरून धडधाकट दिसत असतो, तेव्हाच या खुणा वाढू लागलेल्या असतात.