चारीचा कारभार शेतकऱ्यांकडे : घेण्यापूर्वी काय पाहावे?



आपल्या भागात पाणीवापर संस्थांचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे बोलतात. एक म्हणतात, "खात्याला चारी सांभाळायचा कंटाळा आला म्हणून ती आपल्या गळ्यात मारतात." दुसरे म्हणतात, "कारभार आपल्या हाती आला की टेलला पाणी धो धो येईल." आम्हांस दोन्ही बोलणी अर्धीच वाटतात. सरकारी खात्याकडून पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या संघाकडे देण्याचे काम आशियात पन्नास वर्षे चालले आहे. त्यातले काय टिकले आणि काय बुडाले, हे सही करण्यापूर्वी सभासदांना ठाऊक असावे म्हणून हा लेख.

सुरुवात फिलिपाइन्सपासून करावी लागते. तेथील राष्ट्रीय सिंचन प्रशासनाचा कायदा १९७४ मध्ये बदलला आणि वसूल झालेली पाणीपट्टी खात्याला स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली. पुढे चालू खर्चाचे सरकारी अनुदानही थांबले. म्हणजे खात्याच्या माणसांचा पगार शेतकऱ्याच्या पट्टीवर आला. पट्टी केव्हा मिळणार? पाणी पोचले तर! मग साहेब मंडळी आपणहून बांधावर जाऊ लागली. १९७६ पासून त्यांनी गावात राहून संघ बांधणारे कार्यकर्ते नेमले, आणि चारीची आखणी करण्याआधी शेतकऱ्याला विचारण्याचा रिवाज पडला. त्याच देशात इलोकोस भागात 'झान्हेरा' नावाचे शेतकऱ्यांचे जुने पाणीसंघ आहेत. त्यांपैकी काही संघांत प्रत्येक सभासदाची जमीन पाटाच्या डोक्याला, मध्ये आणि शेपटाला अशी तुकड्यांत असते, आणि कारभाऱ्यांना मेहनतान्यादाखल जमीन देतात ती शेपटाकडची. कारभाऱ्याचे रान टेलला असले म्हणजे पाणी टेलपर्यंत जाते की नाही, याची चौकशी दुसऱ्या कोणी करावी लागत नाही.

श्रीलंकेतील गल ओया प्रकल्पाची हकिगत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच बांधलेले हे मोठे धरण. त्याच्या डाव्या कालव्याची अवस्था १९८० च्या सुमारास इतकी वाईट होती की चाऱ्या गाळाने भरलेल्या, दारे मोडलेली, आणि टेलला पाणी दिसणे मुश्किल. त्यात डोक्याला सिंहली शेतकरी, शेपटाला तमिळ शेतकरी. भांडायला निमित्त शोधावे लागत नव्हते. १९८१ मध्ये कोलंबोच्या कृषी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या साहाय्याने तेथे शिकलेली तरुण मुले-मुली पाठवली. त्यांनी आल्याआल्या संस्था नोंदवली नाही, की निवडणूकही लावली नाही. एकेका पोटचारीवरचे दहा-वीस शेतकरी एकत्र बसवले आणि विचारले, तुमची अडचण काय? आधी काम, मग संघटना, असा क्रम ठेवला. लोकांनी श्रमदानाने चाऱ्या उपसल्या (शब्द तेथेही 'श्रमदान' असाच आहे), पाळ्या लावल्या, आणि त्या साली धरणात पाणी कमी असतानाही वरच्यांनी दारे बंद करून खाली पाणी सोडले. प्रतिनिधी निवडला तो मतदानाने नव्हे, सर्वानुमते. पुढे १९८८ मध्ये शेतकऱ्यांच्या सहभागाचे धोरण श्रीलंका सरकारने देशभरासाठी स्वीकारले.

इंडोनेशियाने १९८७ मध्ये ५०० हेक्टरांखालील योजना संघांना देण्याचे ठरवले, तुर्कस्तानने १९९३ पासून मोठमोठे कालवे झपाट्याने दिले. तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशाने तर १९९७ मध्ये कायदा करून एका दमात दहा हजारांहून अधिक संस्थांच्या निवडणुका उरकल्या. दुरुस्तीला पैसाही आला, आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षे न पाहिलेले पाणी टेलला गेले, हे कबूल केले पाहिजे. पण अनेक गावांत संस्थेचा अध्यक्ष हाच दुरुस्तीचा ठेकेदार झाला, अशी टीकाही झाली. पैसा आटला तशा पुष्कळ संस्था कागदावरच राहिल्या. आमचे मत असे की गल ओयात माणसे आधी जमली आणि कागद मागून आला, आंध्रात कागद आधी आला.

आता आपल्या घरचे. फड पद्धती सर्वांनी ऐकलेली आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर तीन-चारशे वर्षे शेतकऱ्यांचे पंच, पाटकरी आणि जागल्या पाणी वाटत आले. एका फडात एकच पीक, उसाचा फड ठरलेला, आणि नदीला पाणी कमी तर फड कमी. ब्लॉक पद्धत मात्र इंग्रजी अमदानीतली, क्षेत्रावर पट्टी आकारणारी. तुम्ही पाच पाणी घ्या की पंधरा, पट्टी एकरावर, तीही पुष्कळांची ऊसबिलातून परस्पर कापलेली. पाणी मोजायची गरजच कोणाला वाटली नाही.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या टेलला ओझर. तेथे समाज परिवर्तन केंद्राच्या प्रयत्नाने १९९० च्या दशकाच्या आरंभी तीन पाणीवापर संस्था निघाल्या. त्या टेलच्या लोकांनी काढल्या हे लक्षात घ्या, कारण गरज त्यांची होती. पाणी मोजून घेतले, सभासदाला तासावर दिले, नाल्यांवर बंधारे घालून विहिरी भरल्या. हळूहळू सगळ्या लाभक्षेत्रावर संस्था झाल्या आणि २००३ मध्ये संपूर्ण प्रकल्पाची एक संस्था होऊन कारभार तिच्याकडे आला. या आणि अशा अनुभवांच्या पाठबळावर २००५ मध्ये 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' हा कायदा झाला. त्यात डोके, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांना संचालक मंडळावर सारख्या जागा आहेत. पाण्याचा हक्क घनमीटरात मिळतो, आणि हक्काच्या पाण्यावर पीक कोणते घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे.

इथेच ऊसवाल्यांनी कान टवकारावेत. हक्क लाभक्षेत्राच्या हेक्टरावर मिळतो, उसाच्या हेक्टरावर नव्हे. हिशेब करून पाहू. समजा, एका चारीवर ३०० हेक्टर लाभक्षेत्र आहे आणि वर्षाचा कोटा हेक्टरी ३,००० घनमीटर ठरला. एकूण झाले ९ लाख घनमीटर. मोकाट पाण्याच्या उसाला वर्षाकाठी दोन मीटर उभे पाणी धरले तर हेक्टरी २०,००० घनमीटर लागतात. म्हणजे सगळे पाणी उसालाच दिले, वाटेत थेंब मुरला नाही असे मानले, तरी ४५ हेक्टरच भिजते. बाकी २५५ हेक्टरवाल्यांनी काय करायचे? ते गप्प बसणार नाहीत, आणि संचालक मंडळावर तेही असणार. ठिबकने निम्मे पाणी वाचते असे सांगतात. आम्ही सावधपणे तिसरा हिस्साच धरतो, तरी तेच पाणी सुमारे ६७ हेक्टरला पुरते. शिवाय जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की, अधिसूचित केलेल्या क्षेत्रात बारमाही पिकाला कालव्याचे पाणी ठिबक किंवा तुषार असल्याशिवाय मिळणार नाही. मात्र ठिबकला पाणी वरचेवर लागते आणि पाट येतो आवर्तनाला. तेव्हा विहीर किंवा शेततळे जोडीला नसेल तर नुसत्या नळ्या अंथरून भागत नाही, हेही विक्रेत्याच्या आधी आपणच ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट ताबा घेण्याची. जलसंपदा विभागाची माणसे (आपण अजून पाटबंधारेच म्हणतो) आणि संस्था यांनी मिळून चारी पायी फिरून पाहायची असते. फुटके अस्तर, मोडके दार, बुजलेली मोरी यांची यादी करून दुरुस्ती झाल्यावरच ताबा घ्यावा. "आधी सही करा, दुरुस्ती मागून बघू" या बोलीवर घेतलेल्या चाऱ्या तशाच पडल्या आहेत. चारीच्या तोंडाला प्रवाहमापक बसवलेला हवा आणि तो वाचता येणारी चार पोरे आपल्यात हवीत. एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले की सुमारे २,४४७ घनमीटर होते. एका पाळीला साडेसात सेंटिमीटर पाणी दिले तर त्यात आठ एकर निघतात. हा आकडा पाठ असला की रात्री दारे धरणाऱ्यालाही कळते की पाणी कुठेतरी गळते आहे.

चाचणी सोपी आहे. मधल्या सगळ्या मोऱ्या बंद करून वरून दोन क्युसेक सोडावे. प्रवाह स्थिरावला की शेवटच्या मोरीवर मोजावे. तेथे एकच भरले तर उरलेले चारी पिते आहे, आणि तोंडाशी मोजून आलेले ते पाणी बिलात संस्थेच्या नावावर पडणार आहे. ही चाचणी आवर्तन चालू असतानाच होते, म्हणून ज्यांच्या चारीवर ताब्याची बोलणी चालू आहेत त्यांनी पुढच्या आवर्तनाची तारीख शाखा कार्यालयात आधीच विचारून ठेवावी आणि त्या दिवशी टेलच्या दोन सभासदांना बरोबर घ्यावे.