सतरंजीचा वास पावसाळ्यात परत का येतो?

पवनी तालुक्यातल्या अड्याळसारख्या धानाच्या गावात मांजर पाळतात ती मुख्यतः उंदरांसाठी. पण कधीतरी ती बैठकीतल्या सतरंजीवर घाण करते. सतरंजी पुसली, वाळवली. उन्हाळाभर वास नाही. मृगाच्या सरी येताच मात्र तोच वास पुन्हा हजर! असे का होते?

मूत्रात पाणी, क्षार आणि युरिया असतो. धानाच्या बांधीत आपण टाकतो तोच युरिया. त्याला स्वतःला फारसा वास नसतो. मात्र सतरंजीतील काही जीवाणूंजवळ युरिएज नावाचे विकर असते. ते पाण्याच्या साहाय्याने युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करते. मांजराच्या मूत्रात याशिवाय फेलिनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. बोक्यांमध्ये ते अधिक. त्यापासून निघणारी गंधकाची संयुगे अत्यल्प असली तरी नाकाला जाणवतात. धाग्यांत उरलेले क्षार पावसाळी हवेतील ओलावा शोषतात. मग अडकलेले गंधरेणू सुटतात आणि जीवाणूही पुन्हा कामाला लागतात.

युरिएज कच्च्या सोयाबीनमध्येही असते. त्यामुळे वर्गात एक प्रयोग करता येईल. तीन पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकात चमचाभर युरिया विरघळवा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात कच्च्या सोयाबीनचे पीठ घाला आणि तिसऱ्यात तेच पीठ पाण्यात चांगले उकळून, थंड करून घाला. तोंडावर ओला तांबडा लिटमस कागद धरा. काही वेळाने फक्त दुसऱ्या पेल्यावरचा कागद निळा होईल. तिसऱ्यावरचा का होत नाही, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. उष्णतेने विकर निकामी होते, कारण ते प्रथिन आहे. जेम्स सम्नर यांनी १९२६ मध्ये अबईच्या जातीतील एका शेंगेच्या दाण्यांपासून युरिएजचे स्फटिक मिळवून हेच दाखवले. १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

आता उपाय. डाग ओला असतानाच कापडाने दाबून टिपावा. घासल्यास तो खोल जातो. मग भरपूर गार पाण्याने धुवावे, म्हणजे युरिया व क्षार निघून जातात. पाणी मिसळलेला व्हिनेगर अमोनियाचे न उडणाऱ्या क्षारात रूपांतर करतो. गंधकाच्या संयुगांवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी विकरयुक्त धुलाई पावडर, पुन्हा धुणे आणि कडक ऊन हवे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. वास मारण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरू नये. अमोनियाशी तिचा संयोग होऊन क्लोरामाइन हा त्रासदायक वायू निघतो. तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पडल्यास विषारी क्लोरीन सुटतो. बंद खोलीत दोन्ही घातक आहेत. फिनेलही नको, कारण त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. ती पंजे चाटते, आणि विष पोटात जाते.

दोन गुणकारी वस्तू एकत्र केल्या की दुप्पट गुण येतो, हा समज घराघरांत आहे. तो मोडण्याची जागा विज्ञानाचा तासच होय.