विश्लेषण : कांद्याच्या मुळात विभाजित होणारी पेशी सापडत का नाही?

पेशीविभाजन शिकवायचे म्हटले की शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत कांद्याचे मूळ ठरलेले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर बहुतेक विद्यार्थ्यांना लालसर पेशींची गर्दी दिसते आणि बाकी काही उमगत नाही. जर्नलमध्ये मात्र पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था अशा चारही आकृत्या नेटक्या उतरतात, अर्थात पुस्तकातून. मग त्या पेशी स्लाइडवर असतात तरी कुठे?

पापुद्रा सोडून मूळच का?

शाळेतली पहिली स्लाइड सहसा कांद्याच्या पापुद्र्याची असते. विटा रचाव्यात तशा पेशी आणि प्रत्येकीत एक केंद्रक. पण त्या पूर्ण वाढलेल्या पेशी आहेत. त्यांच्यात विभाजन शोधून उपयोग नाही. विभाजन चालते मुळाच्या टोकाशी, आणि तेही अगदी शेंड्याला नव्हे. शेंड्यावर मूलटोपी असते, तिच्या लगेच मागे जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा पट्टा विभाजनाचा. त्याच्या वरच्या पेशी नुसत्या लांब होत जातात. ब्लेड थोडे वर चालले की स्लाइडवर लांबोडक्या पेशी येतात आणि ‘काही दिसत नाही’ ही तक्रार सुरू होते.

तयारीत काय बिघडते?

जुनी मुळे खरवडलेला कांदा पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर ठेवला की तीन ते सहा दिवसांत नवी मुळे फुटतात. ती सकाळी कापून १ भाग असेटिक आम्ल आणि ३ भाग अल्कोहोलच्या मिश्रणात २४ तास ठेवतात. पुढे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करतात, त्यामुळे पेशींना एकमेकींशी चिकटवणारे पेक्टिन सैल होते. मग असेटोकार्माइनचा रंग, वर कव्हरस्लिप, टिपकागद आणि अंगठ्याचा सरळ दाब. आम्ल कमी पडले तर पेशी थरावर थर राहतात. अंगठा सरकला तर कव्हरस्लिप फुटते किंवा पेशी चुरगळतात.

दोन तासिकांच्या प्रात्यक्षिकात हे सगळे बसणे अवघडच. म्हणून बऱ्याच ठिकाणी तयार स्लाइड दाखवली जाते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते न पाहता आकृती काढणे.

विभाजन ‘होताना’ का दिसत नाही?

अल्कोहोल आणि आम्लाच्या मिश्रणाने पेशी जागच्या जागी मरतात. ज्या क्षणी जी पेशी ज्या अवस्थेत होती, तिथेच ती थांबते. स्लाइड म्हणजे गर्दीचा एकच फोटो, चलत्‌चित्र नव्हे. अवस्थांचा क्रम माणसाने जुळवलेला आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या अळ्यांच्या मोठ्या पेशी रंगवून आणि काही जिवंतपणी न्याहाळून हा क्रम लावला आणि १८८२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. ‘क्रोमोसोम’ म्हणजे गुणसूत्र हा शब्द तर त्यानंतर, १८८८ मध्ये आला.

मोजून काय कळते?

बरेच काही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचे एक चक्र साधारण २४ तासांचे असते आणि त्यात प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो. म्हणजे कोणत्याही क्षणी वीस-पंचवीस पेशींमागे एखादीच विभाजित होताना सापडणार. कांद्याच्या मुळातही बहुतांश पेशी आंतरावस्थेतच दिसतात. हेच उलटेही वापरता येते : शंभर-दोनशे पेशी मोजून कोणती अवस्था किती वेळा आढळली ते लिहिले, की कोणती अवस्था जास्त वेळ टिकते याचा ढोबळ अंदाज मिळतो. मध्यावस्थेच्या तुलनेत पूर्वावस्थेतल्या पेशी जास्त आढळतात, त्या याच कारणाने.

रुग्णालयात हीच मोजणी गंभीर कामाची ठरते. स्तनाच्या कर्करोगाची श्रेणी ठरवताना विकृतीशास्त्रज्ञ ज्या तीन गोष्टी पाहतात, त्यातली एक म्हणजे ठरावीक क्षेत्रात विभाजित होणाऱ्या पेशी किती. आणि अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिनक्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन ही औषधे गुणसूत्रे ओढून नेणारे तंतूच तयार होऊ देत नाहीत. पेशी मध्यावस्थेतच अडकते.

पुस्तकातले आणि डोळ्यांना दिसलेले वेगळे निघाले तर?

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. माणसाची किती, या प्रश्नाचे उत्तर १९२३ पासून ‘४८’ असे दिले जात होते. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ थिओफिलस पेंटर यांनी तो आकडा मांडला होता आणि तीसहून अधिक वर्षे पुस्तकांत तोच छापला गेला. १९५५ च्या डिसेंबरमध्ये स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्जिओ यांनी मानवी गर्भाच्या फुप्फुसाच्या पेशी पाहिल्या, तेव्हा ४६ भरली. त्यांचे सहकारी आल्बर्ट लेव्हान यांची हयात कांद्याच्या मुळांवर गेलेली. कोल्चिसिन या द्रव्याचा त्या मुळांवरचा परिणाम त्यांनी १९३८ मध्येच अभ्यासला होता. गुणसूत्रे अडकवून ठेवण्यासाठी कोल्चिसिन आणि पेशी चेपून पसरवण्याची पद्धत, ही वनस्पतींवर घोटलेली तंत्रे इथे उपयोगी पडली.

दोघांचा निबंध १९५६ मध्ये आला. त्यात एक नोंद आहे. स्वीडनमधल्याच तीन संशोधकांना आदल्या वसंत ऋतूत मानवी गर्भाच्या यकृताच्या पेशींत ४६ गुणसूत्रे मोजता आली होती. पुस्तकाप्रमाणे आणखी दोन हवी होती. ती सापडेनात, म्हणून त्यांनी ते काम तात्पुरते थांबवले होते.